आधी साधी अक्षरं

फाल्गुन लागला की आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत दुपारचा गॅलरीचा कठडा चटका देतो. येता-जाता त्यावर हात टेकून खाली बघायची सवय असलेली माणसं हात झटकून मागे होतात आणि म्हणतात, "शिमगो इलो." पोटमाळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात, त्यांच्यातून मागच्या वर्षीचा गुलाल सांडतो. पुलाखाली लक्झरीवाल्यांचे फलक लागतात. चाळीतली पोरं होळीसाठी कुणाचं मोडकं स्टूल मिळतंय का बघत फिरतात. आणि ज्याला त्याला एकच प्रश्न पडतो : पालखी आपल्याकडे कधी?

माझ्या पोटात मात्र याच दिवसांत थोडी आग पडते. उन्हाळ्याशी तिचा काही संबंध नाही. तो हेवा आहे, आणि तो माझ्या धाकट्या जावेचा आहे. तिचं नाव रेवती. मुलगी गुणी आहे, हीच तर अडचण आहे.

आमचं गाव राजापूर आणि देवगडच्या मधलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी तिथं घरोघरी जाते. देव दारात येतो त्या दिवशी दार उघडं पाहिजे, अंगण सारवलेलं पाहिजे, ओटी भरायला घरातली बाई पाहिजे. निम्मं गाव मुंबईत, तेव्हा कुठल्या वाडीला कुठला दिवस हे इथं वेळेत कळलं नाही तर पालखी बंद दारासमोर थांबते आणि पुढे जाते. ज्याच्या घराचं असं झालं तो माणूस वर्षभर खाली मान घालून हिंडतो. म्हणून गावचे मानकरी दिवस ठरवतात, मुंबईच्या मंडळाला फोनवर सांगतात, आणि मग मंडळ ते वेळापत्रक सगळ्यांना पोचवतं.

ते वेळापत्रक पूर्वी मी करायचे. गिरगावातल्या एका छापखान्यात मी लग्नाआधीपासून अक्षरजुळणी करते. आधी शिशाचे खिळे बघितले, मग कॉम्प्युटर आला. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, सगळं हातून गेलंय. पण वर्षभरात सर्वांत मन लावून केलेलं काम म्हणजे शिमग्याचा कागद. देवीचं नाव वर ठसठशीत, वाड्यांची नावं त्याहून लहान, घरांची नावं त्याहून लहान, आणि कडेला मोकळी जागा, म्हणजे भिंतीला चिकटवताना अक्षरावर चिकटपट्टी येणार नाही. लालबागपासून वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंत आमच्या गावच्या प्रत्येक खोलीत दाराच्या मागे तो कागद असायचा. मी कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की आधी दाराच्या मागे बघायचे. तिथं माझा कागद दिसला की चहा गोड लागायचा.

आणि तो कागद वाचायच्या आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही दोघी जावा आई म्हणतो. कागद छापून आला की पुढच्या रविवारी संध्याकाळी गावची माणसं आमच्या मजल्यावर जमायची. कुणी जिन्यात, कुणी शेजाऱ्यांच्या दारात. आई धुतलेलं पातळ नेसून गॅलरीत उभ्या राहायच्या आणि एकेका घराचं नाव मोठ्यानं घ्यायच्या. नाव घेतलं की त्या घरच्या माणसानं उत्तर द्यायचं, "येतंव!" म्हणजे आम्ही येतो, दार उघडं ठेवतो. एखाद्या नावाला उत्तर आलं नाही तर आई जरा थांबायच्या. मग "देव बघतलो" म्हणून पुढचं नाव घ्यायच्या. शेवटचं नाव आमच्या घराचं, कारण आमचं घर गावाच्या टोकाला, नदीपलीकडे. तोवर दिवे लागलेले असायचे आणि कुणाच्या तरी खोलीतून उसळीला दिलेल्या फोडणीचा वास यायचा.

अक्षरं माझी आणि आवाज त्यांचा. घरात एरवी आमचं जमायचं तेवढंच जमायचं, भांड्याला भांडं लागायचं. पण त्या संध्याकाळी त्या माझ्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचत असत, आणि मला वाटायचं की या घरातली माझी जागा कुठं आहे ती इथं, या बोटाखाली. मला तेवढी पुरत होती.

मग त्यांचे डोळे अधू झाले. मोतीबिंदू असता तर काढला असता. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं. त्या कोंबडीसारखी मान वाकडी करून भाताचं ताट बघायला लागल्या. मी अक्षर मोठं केलं. पुढच्या वर्षी आणखी मोठं. कागद एवढा वाढला की तो दाराच्या मागे मावेना, आणि आई तो धरून उभ्या राहिल्या की चादर वाळत घालतायत असं दिसायचं. तरी वाचताना अडखळायच्या. अडखळल्या की चिडायच्या, आणि म्हणायच्या, "शाय फिकी लावलंस." शाई चांगली काळी होती.

याच सुमारास मंडळाची वेबसाइट झाली. ती रेवतीनं केली. माझ्या दिराची बायको, माहेर दादरचं, नोकरी लोअर परळच्या काचेच्या इमारतीत. मंडळाच्या सेक्रेटरींनी मला सांगितलं, "वहिनी, तुमचा मजकूर तेवढा पाठवा, आता घरोघर कागद वाटत फिरायला नको." मी छापखान्यातून माझी फाइल पाठवली. आमच्याकडचे फॉन्ट जुने, ते आमच्याच कॉम्प्युटरवर कळतात, हे मला कुणी सांगितलं होतं? साइट उघडली तर देवीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. सेक्रेटरी हसले. रेवती हसली नाही, तिनं गुपचूप सगळं पुन्हा टाइप केलं. हसली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

तिची पहिली साइटही काही धड नव्हती, हे मी आजही आनंदानं सांगते. दिसायला देखणी. दुधी पानावर राखाडी अक्षरं, नाजूक, बारीक, एखाद्या महागड्या हॉटेलच्या मेनूकार्डावर असतात तशी. गावच्या माणसांनी फोन डोळ्यांशी नेले, लांब धरले, चष्मे पुसले. बीडीडीतल्या तात्यांच्या जुन्या फोनवर तर पान उघडायचं आणि नुसतं कोरं राहायचं. बदललेल्या वेळा तिनं फक्त लाल रंगात दाखवल्या होत्या, आणि तात्यांना लाल-हिरव्यातला फरक जन्मापासून कळत नाही. तात्यांनी फोन करून विचारलं, "वहिनी, यंदा कागद काढणार नाय काय?" त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

पण रेवती स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. त्या शिमग्याच्या आधी आठवडाभर ती ऑफिसमधून सरळ आमच्याकडे यायला लागली. लॅपटॉप मांडीवर, पाठीला उशी, शेजारी कॉटवर आई. तो आठवडा माझ्या डोक्यात असा बसलाय की अजून फाल्गुनात संध्याकाळी ऊन गॅलरीतून आत आलं की मला कॉटवर त्या दोघी दिसतात. मी ओट्याशी कैऱ्या चिरतेय, हाताला चीक लागलाय, आणि मागून आवाज येतायत.

"आई, असं दिसतंय?"

"नाय."

"आता? जरा जाड केलं."

"जाड नको, काळा कर."

"पांढऱ्यावर काळं? की पिवळ्यावर?"

"पिवळ्यार घाल बघया. ... हां! आता कसा टॅक्सीसारख्या दिसता!"

आणि दोघी हसल्या. काळीपिवळी टॅक्सी! मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. कैरीचा चीक हाताला जरा जास्तच चुरचुरला. आईंचा हात रेवतीच्या गुडघ्यावर होता. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी अक्षर मोठं करत होते, पण ते छापखान्यात बसून, त्यांच्यापासून लांब. ही त्यांना शेजारी बसवून विचारत होती. मला सवत नाही, पण सवतीमत्सर काय असतो ते मी त्या आठवड्यात ओट्याशी उभं राहून शिकले.

एका संध्याकाळी ती कोऱ्या पानाच्या मागे लागली होती, तात्यांच्या फोनवर राहायचं त्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा तिनं मलाच समजावून सांगायला घेतलं. सुंदर फॉन्ट लांबून येतो, नेटवर्क कमी असलं की त्याला वेळ लागतो. आणि साइट त्याची वाट बघत पान कोरं ठेवते.

"मग आता काय केलंस?" मी विचारलं.

"आता सांगितलंय की वाट बघू नकोस. फोनमध्ये जी साधी अक्षरं आधीच असतात ती लगेच दाखव. सुंदर अक्षरं आली की ती त्यांची जागा घेतील."

चहाचा कप तिच्या हातात देताना मी नीट उभी होते, हे मला आठवतं. तिच्या मनात काही नव्हतं, ती फॉन्टबद्दलच बोलत होती. पण मला लख्ख कळलं की हे माझ्याबद्दल चाललंय. साधी अक्षरं घरात आधीपासून होती. जागा धरून होती. सुंदर अक्षरं दादरहून येईपर्यंत.

"आणि साध्या अक्षरांचं काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही ताई, जातात. कुणाला कळतही नाही."

मी आत गेले आणि कैऱ्यांवर नको तेवढं मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी मला संधी मिळाली. सेक्रेटरी आले होते, शेजारच्या काकू होत्या, रेवती पान दाखवत होती. अक्षरं आता मोठी होती, काळी होती, बदललेल्या वेळेपुढे "बदल" असं लिहिलेलं होतं. सगळे मान डोलवत होते. मी लांबूनच बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "रेवती, तुझ्या देवीच्या डोक्यावरचं सगळं कापलंय गं. वेलांट्या बघ, रफार बघ. न्हाव्याकडे नेऊन आणल्यासारखी दिसतेय." ओळींमधलं अंतर कमी पडून मात्रांचे शेंडे छाटले जात होते. माझ्या धंद्यात असली चूक म्हणजे नोकरी गेली. मला वाटलं, आता तिचा चेहरा उतरेल.

"अरे हो की!" ती म्हणाली. "थँक यू ताई, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इथे बसा ना, किती जागा सोडू सांगा." आणि मला शेजारी बसवून तिनं ओळी मोकळ्या केल्या. शिवाय पानाच्या तळाशी 'मांडणी' म्हणून दोघींची नावं घातली, माझं आधी. माझ्या जळफळाटाला तिनं टेकायला भिंतसुद्धा ठेवली नाही. माणसानं इतकं चांगलं वागू नये, दुसऱ्याची फार पंचाईत होते.

त्याच आठवड्यात तो बोलणाऱ्या बाईचा प्रसंग झाला. फोनमध्ये एक सोय असते, पान मोठ्यानं वाचून दाखवायची. रेवतीनं ती लावली तर आतली बाई मराठी मजकूर इंग्रजी समजून अडखळायला लागली. रेवतीनं पानाला कुठंतरी सांगितलं की तू मराठी आहेस, आणि बाई एकदम सुरळीत वाचू लागली, वाड्या, घरं, दिवस, न चुकता, न दमता. काकूंनी तोंडावर हात ठेवला. रेवती आईंकडे बघत होती, त्यांना आनंद होईल म्हणून.

आई ताठ बसल्या. "ही कोण बोलता?"

"फोनच बोलतोय आई. आता तुम्हाला डोळ्यांना ताण द्यायला नको. रविवारी ही वाचेल."

"मी असताना ही कित्या वाचता? त्या बायेक गप कर."

रेवतीनं बाईला गप केलं. ती गोंधळली. मी मात्र ओट्याशी एकटीच हसले, कारण तो सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. तेव्हा मी त्याचा जास्त विचार केला नाही.

त्या रविवारी आईंनी रेवतीचा टॅब्लेट हातात घेतला. पिवळ्यावर काळी अक्षरं, बोटांनी ताणली की आणखी मोठी. मान वाकडी करून, कडेनं बघत, एकेक नाव. एकदाही अडखळल्या नाहीत. "येतंव! येतंव!" गॅलरी नुसती दुमदुमली. माझा कागदही होता, मी हट्टानं काढला होता. तो कठड्यावर ठेवला होता, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कुणीतरी त्यावर आईंचा चष्म्याचा डबा ठेवला होता. वाचन संपल्यावर सगळे आईंभोवती जमले आणि आईंनी रेवतीच्या पाठीवर हात फिरवला. मी डबा उचलून कागदाची घडी केली. खूप बारीक घडी केली.

हेव्याची एक गंमत आहे. तो डोळे तीक्ष्ण करतो. त्या वर्षापासून रेवतीच्या साइटवरचं प्रत्येक अक्षर मी जितक्या बारकाईनं बघितलंय तितकं प्रेमानंही बघितलं नसतं. स्टेशनकडे चालत जाताना दुकानांच्या पाट्या बघते, लोअर परळच्या मॉलवरची दिव्यांची अक्षरं बघते, आणि मनात म्हणते, हे आईंना दिसेल, हे दिसणार नाही. फिकट निळ्यावर पांढरं कुणी लिहिलंय, त्याच्या आईचे डोळे चांगले असणार. ही नजर रेवतीनं दिलेली, हे कबूल करायला जिवावर येतं. छापखान्यातही हल्ली मी मालकांशी वाद घालते की पत्रिकेतला पत्ता सोनेरी नको, म्हातारी माणसं लग्नाला कशी पोचणार? मालक म्हणतात, "वैजूताई, तुम्हाला काय झालंय?" काय सांगू त्यांना?

दोन वर्षं झाली, दीर बदली होऊन हैदराबादला गेले, त्यांच्याबरोबर रेवतीही. जाताना ती मला साइटच्या किल्ल्या देऊन गेली. वेळापत्रक आता मीच चढवते. आमच्या समोरची चाळ हिरव्या जाळीत गुंडाळली गेलीय, पाडायची आहे, आणि तिच्या धुळीनं गॅलरीतले कपडे पुन्हा धुवावे लागतात. आईंच्या डोळ्यांची कडही आता पुसट झाली. भाताचं ताट त्या हातानंच बघतात. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून, रेवती बसायची तशीच, विचारलं, "आई, असं दिसतंय?" त्या म्हणाल्या, "रेवती कशी आसा?" मी लॅपटॉप मिटला.

यंदाचा रविवार आला. माणसं जमली, पूर्वीपेक्षा कमी, बरीचशी कल्याण-डोंबिवलीहून आलेली. रेवतीनं ह्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला होता, आणि ह्यांनी तो फोन, जिथं जरा नेटवर्क येतं त्या खिडकीत उभा करून ठेवला, तिलाही ऐकू यावं म्हणून. कुणीतरी म्हणालं, त्या बोलणाऱ्या बाईलाच लावा. आई खुर्चीत बसून होत्या. म्हणाल्या, "त्या बायेक नको. वैजू, तू वाच गो."

इतक्या वर्षांत मी ती अक्षरं जुळवली होती, ताणली होती, चढवली होती. मोठ्यानं कधी वाचली नव्हती. गॅलरीत उभी राहून मी माझ्या फोनवर पान उघडलं. जाळी आडवी आल्यापासून गॅलरीत नेटवर्क नावालाच असतं. सुंदर अक्षरं आली नाहीत. साधी आली, आणि साधीच राहिली. पान मात्र कोरं नव्हतं. मी त्यावरून वाचायला लागले. पहिलं नाव माझं मलाच ऐकू आलं, दुसरं जिन्यापर्यंत गेलं. "येतंव!" समोरून आलं. तात्या म्हणाले, "आवाज बरो हा हो तुमचो!" मला हवं होतं ते सगळं एकदम मिळत होतं, आणि मी सहज आईंकडे बघितलं.

त्यांची हनुवटी वर उचललेली होती. ओठ हलत होते, माझ्या जरा पुढेच. मी "वरची वाडी" म्हणायच्या आत त्यांच्या ओठांवर वरची वाडी होऊन गेलेली. हात मांडीवर घट्ट धरलेले. ते मी ओळखलं. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? कैऱ्या चिरताना माझे हात असेच होते.

शेवटचं नाव उरलं तेव्हा मी फोन त्यांच्या हातात दिला. "हे तुम्ही वाचा आई."

त्यांनी तो दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरला. उलटा धरला होता, तो मी तसाच राहू दिला. आणि त्यांनी वाचलं, आमच्या घराचं नाव, नदीपलीकडची वाडी, दिवस, अगदी पूर्वीच्या आवाजात, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. मग त्या थांबल्या. आता आमच्या घरानं उत्तर द्यायचं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

"येतंव!" खिडकीतल्या फोनमधून रेवती ओरडली, हैदराबादहून, माझ्या आधी. सगळे हसले. माझ्या पोटात तीच जुनी आग पेटली, जशीच्या तशी.

आईंनी हातातला फोन खाली केला नाही. "तिचा कळला," त्या म्हणाल्या, आणि न दिसणारे डोळे माझ्या बाजूला वळवले. "वैजू, तू येतंस काय ता सांग."

"येतंव," मी म्हटलं. गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं.